निळे घोडे रंगवून जगाला वेड लावणाऱ्या चित्रकाराने शेवटची चित्रं काढली ती कुणालाच दिसू नयेत म्हणून

हिवाळा लागला की भिगवणला पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. उजनी धरणाच्या फुगवट्यावर फ्लेमिंगो उतरलेले असतात आणि ते बघायला पुण्या-मुंबईची मंडळी इंदापूर तालुक्यातल्या कुंभारगाव, डिकसळच्या काठावर येऊन थांबतात. हातात भली मोठी लेन्स आणि अंगात हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं जॅकेट. आपण ज्याला सरळ 'मिलिटरी प्रिंट' म्हणतो, तेच. डोक्यावर टोपी त्याच छापाची, कॅमेऱ्याला गुंडाळलेलं कापडही त्याच छापाचं.

तिकडे बारामती तालुक्यात सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात हाच प्रकार. चिंकारा बुजू नये म्हणून माणसं झुडपाच्या रंगाची होऊन बसतात.

आता गंमत बघा. हा ठिपक्यांचा आणि तुकड्या-तुकड्यांचा छाप लष्कराच्या सेनापतींच्या डोक्यातून निघाला असेल असं आपल्याला वाटतं. पण सैनिकांना, तोफांना आणि तंबूंना रंग फासून गायब करण्याची विद्या सुरुवातीला सांभाळली ती चित्रकारांनी. त्यातला एक चित्रकार असा होता, ज्याने आयुष्यभर प्राणी रंगवले, तेही निसर्गात कधीच नसतात अशा रंगांत. निळे घोडे, पिवळी गाय, लाल हरणं. आणि मरण्याच्या काही आठवडे आधी त्याच हातांनी त्याने जर्मन लष्करासाठी ताडपत्र्या रंगवल्या. वरून विमानातून पाहणाऱ्याला खाली काहीच दिसू नये म्हणून.

त्याचं नाव फ्रान्झ मार्क.

मार्कचा जन्म ८ फेब्रुवारी १८८० चा, जर्मनीतल्या म्युनिकचा. वडील विल्हेल्म मार्क निसर्गचित्रं काढायचे. आई सोफी कडक धार्मिक वळणाची. घरात रंगांचा वास होता, पण पोराला आधी चित्रकार व्हायचंच नव्हतं. धर्मशास्त्र शिकून पाद्री व्हावं असा विचार झाला, मग भाषांचा अभ्यास करावा असं ठरलं. मधेच सक्तीची लष्करी सेवा आली. ती उरकल्यावर १९०० साली त्याने म्युनिकच्या कला अकादमीत नाव घातलं.

अकादमीतलं शिक्षण जुन्या पद्धतीचं होतं. समोर आहे ते तसंच्या तसं उतरवायचं, तपकिरी सावल्या घालायच्या, झालं चित्र. मार्कला त्यात राम वाटेना. १९०३ मध्ये तो पॅरिसला गेला आणि तिथली उजेडाने भरलेली चित्रं बघून आल्यावर अकादमीत त्याचं मन रमलंच नाही. १९०७ मध्ये पुन्हा पॅरिस. या खेपेला त्याने व्हॅन गॉगची चित्रं पाहिली आणि रंग हे वस्तूचं वर्णन करण्यासाठी नसतात, मनातलं सांगण्यासाठी असतात, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

घरगुती आयुष्याचा मात्र याच काळात पार विचका झाला. मारी श्न्यूर या चित्रकर्तीशी त्याने लग्न केलं, ते वर्षभरात मोडलं. त्याचं खरं प्रेम होतं मारिया फ्रांकवर. पण घटस्फोटाच्या कागदपत्रांतला पेच असा, की मारियाशी कायदेशीर लग्न व्हायला १९१३ साल उजाडलं. तोवर दोघं एकत्रच राहिले आणि लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं.

पैशाची ओढाताण होती, म्हणून मार्क विद्यार्थ्यांना प्राण्यांची शरीररचना शिकवायचा. हाडं कुठे जुळतात, घोड्याची मान वळताना खांद्याचा कुठला स्नायू ताणतो, गाय उडी मारते तेव्हा पाठीचा कणा कसा वाकतो, हे त्याला तोंडपाठ होतं. प्राणिसंग्रहालयात बसून तो तासन्‌तास रेखाटनं करायचा. त्याचे निळे घोडे बघून अनेकांना वाटतं की या माणसाला नीट घोडा काढता येत नसावा. उलट आहे. घोडा इतका हातात बसला होता, म्हणूनच तो त्याला निळा करू शकला.

१९१० च्या जानेवारीत त्याच्या दारात एक तरुण चित्रकार येऊन उभा राहिला. ऑगस्ट माके. वय २३ वर्षं, स्वभावाने मोकळा, रंगांचा दर्दी. दोघांची अशी मैत्री जमली की पुढे दोघांच्या पत्रांमधून रंगांवरची एक अख्खी चर्चाच उभी राहिली. माकेच्या बायकोचे काका बर्नहार्ट केलर बर्लिनचे उद्योगपती होते आणि चित्रांचे संग्राहकही. त्यांनी मार्कला महिन्याला २०० मार्क द्यायचं कबूल केलं, बदल्यात चित्रं घ्यायची. डोक्यावरचा घोर गेला. मार्क आणि मारिया म्युनिक सोडून आल्प्सच्या पायथ्याशी झिंडल्सडॉर्फ नावाच्या खेड्यात राहायला गेले.

तिथे त्याने रंगांचा आपला असा एक हिशेब मांडला. निळा म्हणजे पुरुषाचा, कठोर आणि आध्यात्मिक रंग. पिवळा बाईचा, कोमल आणि आनंदी. लाल म्हणजे जड, रांगडं जडद्रव्य, ज्याच्याशी बाकीच्या दोघांनी झुंजायचं. आजच्या काळात बायका-पुरुषांचं हे वाटप कुणाला पटणार नाही, पण त्याची चित्रं वाचायची किल्ली ती आहे. १९११ च्या 'पिवळी गाय' या चित्रात धष्टपुष्ट गाय मागचे पाय उडवत आनंदाने उधळली आहे. बैलपोळ्याला मोकळी सोडलेली जनावरं ज्याने पाहिलीत त्याला त्या गायीचा आनंद समजावून सांगावा लागणार नाही. त्याच वर्षी 'निळा घोडा' आला आणि 'मोठे निळे घोडे' हे चित्रही. तीन घोडे माना वळवून उभे आहेत आणि त्यांच्या पाठींची गोलाई मागच्या डोंगरांच्या गोलाईत मिसळली आहे.

मार्कला माणसं फारशी रंगवावीशी वाटत नव्हती. माणूस त्याला मळलेला, बिघडलेला वाटायचा. प्राणी त्याच्या मते निर्मळ. प्राण्याला जग कसं दिसत असेल, हरणाच्या डोळ्यांतून जंगल कसं भासत असेल, हे रंगवता येईल का, हा त्याचा ध्यास होता.

१९११ मध्येच त्याची गाठ रशियन चित्रकार वासिली कँडिन्स्कीशी पडली. दोघांनी मिळून 'निळा घोडेस्वार' या नावाने एक गट उभा केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये म्युनिकला पहिलं प्रदर्शन भरलं आणि पुढच्या वर्षी याच नावाचं पुस्तक निघालं. आधुनिक कलेच्या इतिहासात हे पुस्तक फार मोलाचं मानलं जातं. कँडिन्स्की तर ओळखीच्या आकारांनाच सुट्टी देऊन निव्वळ रंग आणि रेषांवर निघाला होता. हे लक्षात ठेवा, कारण कँडिन्स्कीचं नाव पुढे भलत्याच ठिकाणी येणार आहे.

१९१३ मध्ये मार्कने दोन मोठी चित्रं काढली. एक 'निळ्या घोड्यांचा मनोरा'. दोन मीटर उंचीच्या कॅनव्हासवर एकावर एक रचल्यासारखे चार निळे घोडे. दुसरं 'प्राण्यांचं प्राक्तन'. यात जंगल तिरक्या धारदार तुकड्यांत फाटलंय, झाडं कोसळतायत, आगीचे लोळ उठलेत आणि मधोमध एक निळं हरीण मान वर करून उभं आहे.

युद्ध सुरू व्हायला अजून वर्ष होतं.

१९१४ च्या वसंतात मार्क आणि मारियाने कोखेलजवळ रीड इथे स्वतःचं घर घेतलं. आवारात पाळलेली हरणं होती. आयुष्य मार्गी लागलं होतं. आणि ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं.

इथे मार्कची बाजू घेण्यात अर्थ नाही. तो स्वतःहून लष्करात गेला. सडलेला युरोप या आगीत शुद्ध होऊन निघेल असं त्या काळातल्या अनेक जर्मन कलावंतांना, लेखकांना वाटत होतं. त्यालाही वाटलं. तोफखान्यात त्याची नेमणूक झाली. त्या काळी तोफा ओढायला घोडेच असत. ज्याने घोड्याला निळा देव केला, त्याच्यासमोर आता रोज चिखलात रुतणारे, गोळ्यांनी फाटणारे घोडे होते.

युद्धाला दोन महिने होत नाहीत तोच, २६ सप्टेंबर १९१४ ला ऑगस्ट माके फ्रान्समध्ये मारला गेला. वय फक्त २७. मार्कचा विश्वास इथून ढासळायला लागला. १९१५ मध्ये केलर यांनी त्याला मोर्चावर एक पोस्टकार्ड पाठवलं, त्यावर त्याचंच 'प्राण्यांचं प्राक्तन' छापलेलं होतं. ते बघून मार्क हादरला. हे आपणच काढलंय यावर त्याचा विश्वास बसेना. युद्धाची चाहूल आधीच लागावी तसं ते चित्र आहे, असं त्याने मारियाला कळवलं.

खंदकात तेलरंगांची चैन नव्हती. खिशातल्या वहीत त्याने पेन्सिलीने छोटी छोटी ३६ रेखाटनं केली. बाकी चित्रकला बंद. ती पुन्हा सुरू झाली १९१६ च्या फेब्रुवारीत, आणि तीही लष्कराच्या हुकमावरून.

यामागचं कारण समजून घ्यायला हवं. पहिल्या महायुद्धाआधी लपायचं म्हणजे समोरच्या माणसापासून. टेकडीआड गेलं की झालं. खाकी रंगही त्यासाठीच, आणि तो भारतातल्या धुळीत, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांच्या फौजांत रुजला. पण आता डोक्यावर विमान आलं होतं आणि विमानात कॅमेरा. वरून फोटो काढायचा, त्यावर तोफांची जागा हेरायची आणि तासाभरात आपल्या तोफांनी नेमका तिथेच मारा करायचा. टेकडीचा उपयोग संपला. आता आभाळापासून लपायचं होतं.

फ्रेंच याबाबतीत पुढे होते. गिराँ दे सेव्होला नावाच्या चित्रकाराच्या पुढाकाराने १९१५ मध्ये त्यांच्या लष्करात या कामासाठी चित्रकारांची स्वतंत्र तुकडीच उभी राहिली. वस्तूचे तुकडे करून मांडायची घनवादी चित्रकारांची पद्धत तोफेचा आकार मोडायला कामी येते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

अमेरिकेत तर ॲबट थेअर नावाचे चित्रकार याच्याही आधीपासून हा विषय लावून धरत होते. प्राण्याची पाठ गडद आणि पोट फिकट का असतं, याचा उलगडा त्यांनी केला. वरून पडणाऱ्या उजेडाने पाठ उजळते, पोटावर सावली पडते. रंग बरोबर उलटे असले की दोन्ही एकसारखे होतात आणि प्राण्याची गोलाई डोळ्याला कळतच नाही. सुप्याच्या माळावर शंभर पावलांवरचा चिंकारा पटकन दिसत नाही त्यात या रंगांचा मोठा वाटा आहे. पण थेअर पुढे इतके वाहवत गेले की फ्लेमिंगोही गुलाबी असतात ते पहाटेच्या आणि संध्याकाळच्या आभाळात विरून जाण्यासाठी, असं सांगू लागले. थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांची यथेच्छ खिल्ली उडवली. भिगवणला भर उन्हात पाण्यात उभा असलेला थवा पाहिला की रूझवेल्ट यांची बाजू पटते.

तर फेब्रुवारी १९१६. मार्क एका गोठ्याच्या माळ्यावर, गवताच्या गंजीशेजारी, ताडपत्र्यांचे मोठाले तुकडे पसरून बसला. काम होतं तोफा झाकायच्या कापडाचं. साधी करडी ताडपत्री टाकली तर वरून काढलेल्या फोटोत चौकोन उठून दिसतो. निसर्गात चौकोन नसतो, त्यामुळे फोटो वाचणाऱ्याची नजर तिथेच अडते. तो चौकोन मोडायचा होता.

मार्कने जाडजूड ठिपके दिले. जवळून बघितलं तर नुसता रंगांचा पसारा. पण लांबून ठिपके एकमेकांत मिसळतात आणि डोळ्याला झाडी, माती, सावली यांची सरमिसळ दिसते. फ्रान्समध्ये ठिपक्यांनी चित्रं रंगवणाऱ्यांनी हेच तत्त्व वापरलं होतं, फक्त तिथे नदीकाठी फिरायला आलेली माणसं होती आणि इथे तोफा. मार्कने अशा नऊ ताडपत्र्या केल्या. प्रत्येकीची शैली निराळी. एक माने या फ्रेंच चित्रकाराच्या वळणाची, आणि तिथून पुढे सरकत सरकत थेट कँडिन्स्कीपर्यंत. चित्रकलेचा पन्नास वर्षांचा इतिहास त्याने ताडपत्रीवर उतरवला म्हणा ना.

घरी पाठवलेल्या पत्रात त्याने हे सगळं जरा मिश्कीलपणे सांगितलं आहे. वरून विमानातून याचे फोटो काढून बघणार आहेत, याचंही त्याला कुतूहल होतं. दोन हजार मीटर उंचीवरून कँडिन्स्की कसा दिसतो, हे त्याला बघायचं होतं. दीड वर्षात पहिल्यांदा त्या माणसाच्या हातात रंग आले होते. पत्रातला उत्साह वाचताना तो युद्धात आहे हे क्षणभर विसरायला होतं.

या ताडपत्र्यांवर सही करायचा प्रश्नच नव्हता. त्या भिंतीवर लावायच्या नव्हत्या, चिखलात आणि पावसात अंथरायच्या होत्या. आणि काम चांगलं जमलं तर कुणाचंच लक्ष त्यांच्याकडे जाणार नव्हतं.

२१ फेब्रुवारी १९१६ ला व्हर्दाँची लढाई सुरू झाली. पुढचे दहा महिने चाललेला, लाखो माणसं गिळणारा संहार. मार्कची तुकडी त्याच बाजूला होती. इकडे जर्मनीत नामवंत कलावंतांना मोर्चावरून मागे बोलवायची यादी तयार झाली होती, त्यात मार्कचं नाव होतं. म्हणजे सुटका जवळ आली होती.

४ मार्चला त्याने मारियाला पत्र लिहिलं. काळजी करू नकोस, मी यातून निभावून येईन, असा त्याचा सूर. त्याच दिवशी दुपारी व्हर्दाँच्या पूर्वेला ब्राकी या गावाजवळ तो घोड्यावरून टेहळणीला गेला. तोफगोळ्याचा तुकडा डोक्यात घुसला. वय ३६. आधी त्याला तिथेच एका वाड्याच्या बागेत पुरलं. १९१७ मध्ये मारियाने त्याला कोखेलला, घराजवळ आणलं.

'प्राण्यांचं प्राक्तन' या चित्राचंही प्राक्तन ठरलेलंच होतं. मार्क गेल्यानंतर काही महिन्यांत गोदामाला आग लागली आणि चित्राचा उजवीकडचा तिसरा हिस्सा जळाला. पॉल क्ले हा त्याचा चित्रकार मित्र. त्याने १९१९ मध्ये तो भाग पुन्हा रंगवला, पण मुद्दाम मळकट तपकिरी ठेवला. जळालेलं कुठलं आणि मूळचं कुठलं, हे आजही बासेलच्या संग्रहालयात एका नजरेत कळतं. दुरुस्ती लपवायची नाही, असा हा हिशेब.

आता त्या कापडाचं पुढे काय झालं ते बघू.

हाताने ठिपके देत बसणं लाखोंच्या फौजेला परवडणारं नव्हतं. जर्मनांनी युद्ध संपता संपता विमानाच्या पंखांवर बहुकोनी रंगीत तुकडे छापलेलं कापड चढवलं. १९१८ मध्ये सैनिकांची लोखंडी टोपरीही तशीच रंगवली. मग १९२९ मध्ये इटलीने तंबूच्या कापडावर छाप मारून ते सरसकट सैन्याला द्यायला सुरुवात केली. पाठोपाठ १९३१ मध्ये जर्मनीने आपला प्रसिद्ध त्रिकोणी तुकडा आणला. जर्मन भाषेत त्याला 'त्सेल्टबान' म्हणतात, म्हणजे तंबूचं पान.

वस्तू मोठी हुशारीची होती. साधारण दोन मीटर बाजूचा सुती, घट्ट विणीचा, पाणी न झिरपणारा त्रिकोण. एका सैनिकाला एक. चौघांनी आपापले तुकडे बटणांनी जोडले की चार जणांची राहुटी तयार. एकट्याने पांघरला की पावसाळी घोंगडी. आपल्याकडे शेतात पाऊस आला की पोत्याची खोळ डोक्यावर घेतात, तसाच उपयोग. गवत भरून बांधला की नदी ओलांडायचा तराफा. जखमीला न्यायला डोली. आणि माणूस गेलाच तर त्याचं कफन.

त्यावरचा छाप म्हणजे फिक्या मातकट रंगावर हिरव्या आणि तपकिरी रंगाचे काचेच्या ठिकऱ्यांसारखे टोकदार तुकडे, आणि वरून पावसाच्या धारांसारख्या बारीक तुटक हिरव्या रेघा. एक बाजू गडद, दुसरी फिकट. मार्कच्या ठिपक्यांतून हा छाप थेट निघाला असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण आकार लपवायचा तर तो तुकड्यांत फोडायचा, हे तत्त्व तेच. आणि 'प्राण्यांचं प्राक्तन' मधल्या धारदार तिरक्या फाकींशेजारी हे कापड ठेवलं तर डोळा थबकतो.

मराठी पलटणींनी हे कापड जवळून पाहिलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान इटलीत जर्मनांशी लढले. माणगावला ज्यांचा पुतळा आहे ते नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीतच धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना खांद्यावरून वाहून आणलं आणि तोच सन्मान मिळवला. समोरच्या जर्मन फौजेचा रोजचा डगला आणि तंबू हाच छापाचा त्रिकोण होता. इटलीने १९४३ मध्ये शरणागती पत्करल्यावर जर्मनांनी इटालियन छापाचं कापडही उचललं आणि त्याचे कपडे शिवले.

आज हे त्रिकोण जगभरातले संग्राहक शोधत असतात. आणि जिथे संग्राहक, तिथे नकली माल आलाच. पुण्याच्या जुन्या बाजारात जशी वस्तू उलटीपालटी करून बघावी लागते, तशीच इथेही गत.

मोठा घोळ असा की हा छाप युद्धानंतर मेला नाही. १९५० च्या दशकात पश्चिम जर्मनीच्या नव्या लष्कराने ठिकऱ्यांच्याच छापाचे त्रिकोण काढले. बल्गेरियानेही तसे बनवले. हे नकली नाहीत, पण युद्धातलेही नाहीत, आणि विकणारे बिनदिक्कत 'दुसऱ्या महायुद्धातला' म्हणून खपवतात. म्हणून जाणकार आधी दोन्ही बाजू बघतात. गडद-फिका असा फरक आहे का, छापाच्या कडा किती धारदार, पावसाच्या रेघा आहेत का, रंग कापडात मुरलेत की वर बसलेत. मग बटणं आणि काठावरच्या धातूच्या कड्या. मग कोपऱ्यातला पुसट शिक्का, ज्यात बनवणाऱ्याचं नाव किंवा क्रमांक आणि साल असतं.

त्यानंतर अतिनील दिव्याखाली कापड धरायचं. पांढरं शुभ्र दिसावं म्हणून कापडात आणि दोऱ्यात जी रसायनं घालतात ती युद्धानंतरच्या काळात सर्रास झाली, आणि ती या दिव्याखाली निळसर चमकतात. शिवण चमकली की बहुतेक वेळा खेळ खल्लास. अर्थात जुनं कापड नंतर कधी आधुनिक पावडरीत धुतलं असेल तर तेही चमकतं, त्यामुळे एकट्या दिव्यावर कुणी निकाल देत नाही. शेवटी झीज बघायची. घडीच्या जागी रंग विटायला हवा, बटणाभोवती कापड ताणलेलं हवं. सगळीकडे सारखीच मळलेली वस्तू दिसली की ओळखायचं, हिला चहाच्या पाण्यात बुडवलंय.

आणि एक गोष्ट दामटून सांगायला हवी. हे कापड निष्पाप नाही. ज्या फौजेने ते पाठीवर वागवलं तिने गावंच्या गावं जाळली. जमवणाऱ्याने वस्तूसोबत हेही सांभाळायचं असतं, आणि चांगले संग्राहक ते सांभाळतात.

याच राजवटीने मार्कचं काय केलं बघा. १९३७ मध्ये नाझींनी म्युनिकला 'अधःपतित कला' नावाचं प्रदर्शन भरवलं. ज्या चित्रांना ते घाण समजत ती लोकांनी हसावं म्हणून टांगली. त्यात 'निळ्या घोड्यांचा मनोरा' होता. कँडिन्स्की होता. क्ले होता. म्हणजे एकीकडे तुकड्या-तुकड्यांचा छाप अंगावर घेऊन फौज कवायत करत होती आणि दुसरीकडे आकार तोडून रंगवणाऱ्यांना वेडे ठरवलं जात होतं.

पण इथे एक अडचण झाली. मार्क हा देशासाठी मोर्चावर मेलेला अधिकारी होता. माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली, की आमच्या हुतात्म्याची अशी विटंबना चालणार नाही. 'मनोरा' प्रदर्शनातून उतरवला गेला. तिथून तो हर्मन गोअरिंगच्या हाती पडला. चित्रांचा हावरट संग्राहक म्हणून तो प्रसिद्धच होता.

युद्ध संपलं, गोअरिंगने विष घेतलं, चित्र मात्र सापडलं नाही. युद्धानंतर बर्लिनमध्ये ते पाहिल्याचं काही जणांनी सांगितलं, पण त्यापुढे माग लागला नाही. दोन मीटर उंच आणि सव्वा मीटर रुंद कॅनव्हास, त्यावर चार निळे घोडे. लपवायला इतकी अवघड वस्तू क्वचितच असेल.

मार्कची बाकीची चित्रं आता कुठे पोचलीत ते पाहायचं तर 'कोल्हे' हे १९१३ चं चित्र घ्या. नाझींच्या छळामुळे देश सोडावा लागलेल्या एका ज्यू मालकाचं ते होतं. बरीच वर्षं ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात होतं. वारसांनी झगडून ते परत मिळवलं आणि मार्च २०२२ मध्ये लंडनच्या लिलावात ते ४ कोटी २६ लाख पौंडांना गेलं.

'मनोऱ्या'चा शोध अजून चालू आहे. २०१७ मध्ये बर्लिन आणि म्युनिकमध्ये या बेपत्ता चित्रावर दोन प्रदर्शनं भरली. आजच्या कलावंतांनी त्यात नसलेल्या चित्रावर आपापली कामं मांडली. मार्कने १९१३ च्या नववर्षाला कवयित्री एल्झे लास्कर-श्यूलर हिला एक पोस्टकार्ड पाठवलं होतं, त्यावर या मनोऱ्याचं छोटंसं रंगीत रेखाटन आहे. तळहाताएवढं ते कार्ड म्युनिकमध्ये सुखरूप आहे.